तीन महिन्यांचे भाडे थकले: ठेव मोडावी, घर सोडावे की हक्कावर अडून बसावे?

पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या एका भगिनींनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. त्यांच्या पतींची चाकणच्या कारखान्यातील नोकरी जूनमध्ये गेली. घरात येणारा पैसा आता त्यांच्या एकटीच्या पगाराचा, म्हणजे महिन्याला ३४,००० रुपये आहे. भाडे १९,००० रुपये असून जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या तीन महिन्यांचे मिळून ५७,००० रुपये थकले आहेत. घरमालकाकडे ८०,००० रुपये डिपॉझिट आहे. चोवीस महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार येत्या ३० एप्रिलला संपतो. गेल्या आठवड्यात घरमालकाने व्हॉट्सॲपवर संदेश पाठवला की, आठ दिवसांत घर खाली करा, नाहीतर कुलूप बदलतो आणि पोलिसांत देतो. बँकेत १,८०,००० रुपयांची एकच मुदत ठेव आहे आणि ती मुलाच्या दहावीनंतरच्या शिक्षणासाठी राखून ठेवलेली आहे. ती मोडून सगळी थकबाकी एकदम भरावी, असे त्यांना वाटते. दिरांचे म्हणणे नेमके उलट आहे. भाडेकरूला ९० दिवसांची नोटीस द्यावी लागते, कोर्टातून बाहेर काढायला वर्षे जातात, तेव्हा एक रुपयाही देऊ नका, असा त्यांचा सल्ला आहे. पत्राच्या शेवटी या भगिनींनी लिहिले आहे की, फोन वाजला की मी स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेते, मुलाच्या कानावर पडायला नको म्हणून.

ताई, आपण दोन पर्याय मांडले आहेत आणि माझ्या मते ते दोन्ही महागात पडतील. सगळी थकबाकी ठेवीतून भरली, तर आज घरमालक शांत होईल, पण महिन्याचा हिशेब आहे तसाच तुटका राहील. दिरांचे ऐकले, तर आज पैसे वाचतील आणि पुढच्या वर्षी त्याहून मोठी रक्कम मागे लागेल. कायद्याने आपल्याला हक्क दिले आहेत आणि ते मोलाचे आहेत, परंतु ते हक्क वेळ मिळवून देतात, भाडे माफ करत नाहीत. हा मिळालेला वेळ कशासाठी वापरायचा, हाच आपला खरा आर्थिक निर्णय आहे.

दिरांच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात थोडे खरे आहे आणि थोडे खरे असलेला सल्लाच जास्त फसवतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधील कलम १५ भाडेकरूला थकबाकीच्या बाबतीत भक्कम संरक्षण देते. घरमालकाने लेखी मागणीची नोटीस बजावल्यावर ९० दिवस उलटल्याशिवाय त्याला थकबाकीच्या कारणावरून दावा लावता येत नाही. दावा लागल्यानंतरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत भाडेकरूने सर्व थकबाकी, तिच्यावर वार्षिक १५ टक्के दराने सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला, तसेच दावा निकाली निघेपर्यंत भाडे नियमित भरत राहिला, तर त्या कारणावरून त्याला घराबाहेर काढण्याचा हुकूम होत नाही. दिरांनी जे ऐकले ते हेच असावे. मात्र हे संरक्षण भाडेकरूसाठी आहे. आपला करार लिव्ह अँड लायसन्सचा आहे. बोलताना आपण सगळेच त्याला भाडेकरार म्हणतो आणि त्यात राहणाऱ्याला भाडेकरू म्हणतो, पण कायद्याच्या दृष्टीने आपण लायसन्सी, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहण्याची परवानगी मिळालेल्या व्यक्ती आहात. आज पुण्या-मुंबईत नव्याने भाड्याने जाणारी बहुतेक घरे याच प्रकारच्या कराराने दिली जातात आणि पागडीच्या जुन्या घरांच्या गोष्टी त्यांना लागू पडत नाहीत.

आपल्याला लागू होते ते त्याच कायद्याचे कलम २४. लायसन्सची मुदत संपल्यावर घराचा ताबा परत दिला नाही, तर घरमालक नेहमीच्या दिवाणी दाव्याच्या वाटेने न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी राज्य शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो. तिथली कार्यपद्धती संक्षिप्त आहे. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र दाखल करून बचाव करण्याची परवानगी मागितली नाही, तर घरमालकाचे म्हणणे मान्य केले असे धरून आदेश होऊ शकतो. त्याहून जड भाग पुढे आहे. मुदत संपल्यानंतर जितके दिवस घरात राहाल, तितक्या दिवसांसाठी कराराच्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. आपल्या बाबतीत १ मेपासून हा आकडा महिन्याला ३८,००० रुपये होतो.

दिरांच्या सल्ल्याचा हिशेब आता कागदावर मांडू. जुलै ते एप्रिल असे दहा महिने भाडे दिले नाही, तर १,९०,००० रुपये होतात. त्यानंतर मे ते ऑगस्ट असे चारच महिने अडून राहिलात, असे धरले, तरी दुप्पट दराने १,५२,००० रुपये वाढतात. एकूण ३,४२,००० रुपयांतून ८०,००० रुपयांचे डिपॉझिट वजा केले, तरी २,६२,००० रुपये देणे उरते, म्हणजे जी ठेव वाचवायची म्हणून हे सगळे केले, ती पूर्ण देऊनही भागत नाही. थकलेल्या भाड्याच्या वसुलीचा दावा तीन वर्षांपर्यंत लावता येतो. त्यामुळे घर सोडल्यावर विषय मिटेल, असेही नाही. वर पुढचे घर शोधताना आधीच्या घरमालकाचा फोन नंबर मागितला जातो, ही गोष्ट कोणत्याही कलमात लिहिलेली नसली तरी आपल्याला ठाऊक आहेच.

याचा अर्थ घरमालकाने आठ दिवस म्हटले की आठ दिवसांत सामान बांधायचे, असा मुळीच नाही. आपण पाठवलेल्या कराराच्या छायाचित्रांत चौथ्या पानावर स्पष्ट लिहिले आहे की, सलग दोन महिने भाडे थकल्यास घरमालक एक महिन्याची लेखी नोटीस देऊन लायसन्स रद्द करू शकेल आणि नोटीस रजिस्टर पोस्टाने किंवा हाती देऊन पोच घेतल्यासच ती दिली असे मानले जाईल. व्हॉट्सॲपवरचा संदेश या अटीत बसत नाही आणि आठ दिवसांची मुदत तर कुठेच बसत नाही. रीतसर नोटीस येऊन महिना उलटला, तरीही कुलूप बदलण्याचा अधिकार घरमालकाला मिळत नाही, कारण ताबा घेण्यासाठी त्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडून किंवा न्यायालयाकडून आदेश आणावा लागतो. पोलिसांच्या धमकीने आपण घाबरून गेला आहात, म्हणून हे वेगळे सांगतो की, भाडे न देणे हे दिवाणी स्वरूपाचे प्रकरण आहे. निव्वळ भाडे थकवणे हा फौजदारी गुन्हा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये नमूद केले आहे. उलट कुलूप तोडून किंवा बदलून सामान बाहेर काढण्याचा प्रयत्न झाला, तर लेखी तक्रार आपण द्यायची आहे आणि तिची पोच घ्यायची आहे.

वीज आणि पाण्याबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. योग्य कारणाशिवाय अत्यावश्यक सेवा तोडण्यास या कायद्याच्या कलम २९ मध्ये मनाई आहे, पण ते कलमही भाडेकरूंच्या संदर्भात लिहिलेले असल्याने मी आपल्याला त्याच्यावर विसंबून राहायला सांगणार नाही. आपण विजेचे बिल मात्र एक महिनाही थकवू नका. बिल थकले, तर वीज कंपनी पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन जोडणी कायदेशीरपणे तोडू शकते आणि मग घरमालकाला बोटही उचलावे लागत नाही. भाड्यात चारशे-पाचशे रुपये कमी पडले तरी चालतील, पण हे बिल त्याच्या तारखेलाच जाऊ द्या.

आदर्श भाडेकरू कायदा, २०२१ चा उल्लेखही आपल्या पत्रात आहे. तो केंद्राने राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे आणि राज्याने तसा कायदा केल्याशिवाय त्यातील तरतुदी आपोआप लागू होत नाहीत. आपल्या निर्णयात तो धरू नये.

आता पैशांकडे वळतो. भाडे वगळता आपला घरखर्च २३,५०० रुपये आहे. मी तो यादीवरून दोनदा तपासला आणि त्यात कापण्यासारखे फारसे काही सापडले नाही. केबलचे पॅकेज आणि वापरात नसलेल्या दुसऱ्या दुचाकीचा विमा एवढ्याच गोष्टी दिसल्या आणि त्यांनी गणित बदलत नाही. म्हणजे भाड्यासाठी महिन्याला १०,५०० रुपये उरतात आणि भाडे १९,००० रुपये आहे. दर महिन्याची तूट ८,५०० रुपये आहे. थकबाकी हे या तुटीचे मागचे रूप आहे, आणि तूट कायम ठेवून थकबाकी भरणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतत राहणे.

आपला पर्याय असा होतो. आज ठेवीतून ५७,००० रुपये भरले आणि पतींना नोकरी लागली नाही असे धरले, तर ऑक्टोबर ते एप्रिल या सात महिन्यांच्या तुटीपोटी आणखी ५९,५०० रुपये जातील. एकूण १,१६,५०० रुपये खर्ची पडून हाताशी ६३,५०० रुपये उरतील आणि ८०,००० रुपये डिपॉझिट म्हणून घरमालकाकडे अडकलेले असतील. व्याजाचे किरकोळ आकडे मी या हिशेबातून मुद्दाम वगळले आहेत.

माझा पर्याय असा आहे की, आपण ३० नोव्हेंबरला हे घर सोडावे. आपणच लिहिले आहे की, त्याच भागात, मुलाच्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेले वन बीएचके १२,५०० रुपये भाड्याने आणि ४५,००० रुपये डिपॉझिटवर मिळत आहे. घरमालकाला आज थकबाकीपैकी एक महिन्याचे १९,००० रुपये द्यावेत, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे भाडे वेळेवर द्यावे आणि उरलेले ३८,००० रुपये डिपॉझिटमधून वळते करून ४२,००० रुपये परत घ्यावेत. नव्या घरासाठी डिपॉझिट, एक महिन्याची दलाली १२,५०० रुपये आणि टेम्पो-हमालीचे साधारण १०,००० रुपये मिळून ६७,५०० रुपये लागतील. आजचे १९,०००, दोन महिन्यांच्या तुटीचे १७,००० आणि हे ६७,५०० यांच्या बेरजेतून परत मिळालेले ४२,००० वजा केले, की ६१,५०० रुपये होतात. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत तूट महिन्याला केवळ २,००० रुपयांची, म्हणजे एकूण १०,००० रुपयांची असेल. एप्रिलअखेर १,८०,००० रुपयांपैकी १,०८,५०० रुपये हाताशी असतील आणि ४५,००० रुपये नव्या घरमालकाकडे डिपॉझिट म्हणून असतील.

आता प्रामाणिकपणे दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या, तर फरक वाटतो तितका मोठा नाही. हातातले पैसे आणि डिपॉझिट मिळून पहिल्या पर्यायात १,४३,५०० रुपये होतात आणि दुसऱ्यात १,५३,५०० रुपये. घर बदलण्याचा सगळा त्रास सोसून सात महिन्यांत वाचतात ते फक्त दहा हजार रुपये, कारण भाड्यातली ६,५०० रुपयांची बचत दलाली आणि टेम्पोचे २२,५०० रुपये भरून काढण्यातच साडेतीन महिने घालवते. हा आकडा पाहिल्यावर मी स्वतःही आधी, राहा तिथेच, असे लिहिणार होतो. दोन गोष्टींनी माझे मत बदलले. पहिली अशी की, तीन महिने भाडे थकलेल्या कुटुंबाशी हा घरमालक एप्रिलनंतर नवा करार करील, अशी शक्यता मला कमी वाटते. म्हणजे हे २२,५०० रुपये आपण वाचवणार नाही, मेमध्ये खर्च करणार आहात आणि तेव्हा आपल्यापाशी निवडायला वेळही नसेल. तसे पाहिले तर आजच घर बदलण्याचा फायदा दहा नव्हे, ३२,५०० रुपयांचा आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्या घरात एकच पगार येतो, तिथे डिपॉझिटमध्ये अडकलेले ऐंशी हजार आणि बँकेत असलेले ऐंशी हजार यांची किंमत सारखी नसते. उद्या दवाखान्याचा खर्च निघाला, तर डिपॉझिट उपयोगी पडत नाही. दुसऱ्या पर्यायात मोकळी रक्कम ४५,००० रुपयांनी जास्त राहते, आणि मी हा निर्णय मुख्यतः त्या आकड्यावर घेत आहे.

एक अपवाद मात्र ठेवतो. पतींच्या हातात नियुक्तिपत्र आले, म्हणजे मुलाखत चांगली झाली किंवा ओळखीच्या साहेबांनी शब्द दिला असे नव्हे, तर रुजू होण्याची तारीख आणि पगार लिहिलेला कागद आला आणि तो नव्या घराचे टोकन देण्यापूर्वी आला, तर इथेच राहण्याचा विचार पुन्हा करावा. तेव्हा पूर्ण थकबाकी भरून घरमालकाकडून एप्रिलनंतरच्या कराराबद्दल लेखी होकार घ्यावा. होकार नाही मिळाला, तर घर बदलणेच बरे.

घरमालक हे मान्य का करील, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे, कारण आपल्या करारात डिपॉझिट भाड्यापोटी वळते करता येणार नाही, अशी अटही आहे. अशी अट बहुतेक करारांत असते. ती मोडायला घरमालकाची संमती लागते, आणि त्याच्या घाईचे कारण समजून घेतले तर ती मिळण्याची शक्यता बरीच आहे. त्याच्या जागी बसून पाहा. ८०,००० रुपयांतून ५७,००० गेले, की २३,००० उरतात. ऑक्टोबरचे भाडेही आले नाही, तर महिनाअखेर त्याच्यापाशी ४,००० रुपये राहतात आणि त्यातूनच रंग, नळदुरुस्ती वगैरे निघायचे असते. नोव्हेंबरपासून तो पूर्णपणे आपल्या भरवशावर असतो. अर्ज, वकील आणि तारखा यांत त्याचे पैसे आणि महिने जाणार, हे त्यालाही कळते. आपण आज १९,००० रुपये दिले, की थकबाकी वजा जाता त्याच्या हाताशी राहणारी रक्कम पुन्हा ४२,००० रुपयांची होते आणि घर रिकामे होण्याची तारीख त्याला मिळते. या व्यवसायात मी घरमालकांच्याही बाजूने बसलो आहे. भाडे कधी देणार, या प्रश्नाला तारीख आणि रक्कम सांगणारे उत्तर आले, तर त्यांचा सूर लगेच खाली येतो. फोन न उचलणे मात्र त्यांना सगळ्यात जास्त झोंबते.

म्हणून फोनवर बोलण्याआधी पत्र द्यावे, स्पीड पोस्टाने (रजिस्टर पोस्टाची सेवा सप्टेंबर २०२५ मध्ये त्यातच विलीन झाली), आणि त्याचे छायाचित्र व्हॉट्सॲपवरही पाठवावे. मजकूर साधारण असा ठेवावा:

“आपला दिनांक अमुकचा संदेश मिळाला. जुलै, ऑगस्ट व सप्टेंबर या महिन्यांचे भाडे माझ्याकडून थकले आहे, हे मला मान्य आहे. पतींची नोकरी गेल्यामुळे हा विलंब झाला. जुलै महिन्याचे १९,००० रुपये आज आपल्या बँक खात्यात जमा केले आहेत. ऑक्टोबर व नोव्हेंबरचे भाडे प्रत्येक महिन्याच्या १० तारखेपर्यंत जमा करीन. ऑगस्ट व सप्टेंबरचे एकूण ३८,००० रुपये डिपॉझिटमधून वळते करून घ्यावेत, ही विनंती आहे. दिनांक ३० नोव्हेंबर रोजी घराचा ताबा व किल्ल्या आपल्या हाती देईन आणि त्याच वेळी डिपॉझिटचे उर्वरित ४२,००० रुपये मला परत मिळावेत. आपली लेखी संमती कळवावी. तोपर्यंत करारातील अटींप्रमाणे घराचा ताबा माझ्याकडे राहील.”

थकबाकी लेखी मान्य करावी का, याबद्दल काही वकील सावध करतील आणि त्यांची बाजू चुकीची नाही, कारण असे पत्र पुढे आपल्याविरुद्ध दाखवता येते. पण आपल्या बाबतीत रक्कम वादात नाही, बँकेच्या नोंदींवरून ती कुणालाही काढता येईल आणि खरे लिहिलेल्या पत्राने जो विश्वास परत मिळतो, तो या घडीला जास्त उपयोगाचा आहे. यापुढे रोख रक्कम अजिबात देऊ नये. बँकेतून पाठवताना शेऱ्यात महिन्याचे नाव लिहावे, नाहीतर घरमालक ती रक्कम कोणत्या महिन्यापोटी धरतो, यावरून नवा वाद सुरू होतो. संमती तोंडी मिळाली तर, “आज फोनवर ठरल्याप्रमाणे” अशी सुरुवात करून तोच मजकूर त्याला लगेच पाठवून ठेवावा. घरमालकाने स्वतः लिहून आणलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नये, आणि कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

पैसे कुठून काढायचे, याचे उत्तर ठेवीतूनच, पण ठेव न मोडता असे आहे. आपली सगळी रक्कम एकाच पावतीवर आहे. १९,००० रुपयांसाठी पूर्ण १,८०,००० रुपयांची ठेव मोडली, तर जितके दिवस ती राहिली त्या मुदतीचा कमी दर लागतो आणि वर साधारण अर्धा ते एक टक्का दंड कापला जातो. त्याऐवजी ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घ्यावा, म्हणजे ठेव तारण ठेवून लागेल तेवढीच रक्कम उचलण्याची सोय. बँका सामान्यतः ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत मर्यादा देतात आणि ठेवीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त व्याज घेतात. आपल्या ७ टक्क्यांच्या ठेवीवर ८ टक्क्यांनी १९,००० रुपये उचलले, तर व्याज महिन्याला १२७ रुपयांच्या आसपास होते आणि ठेवीचे व्याज चालूच राहते. ओव्हरड्राफ्टचा दुसरा उपयोग नोव्हेंबरमध्ये कळेल. नव्या घरमालकाला ४५,००० रुपये आधी द्यावे लागतील आणि जुन्याकडून ४२,००० रुपये किल्ल्या दिल्यावरच मिळतील. या चार-सहा दिवसांत आपली उचल १,०३,५०० रुपयांपर्यंत जाईल, ती मर्यादेत बसते आणि डिपॉझिट परत आले, की खाली येते. घर बदलणाऱ्या अनेक कुटुंबांची अडचण नेमकी याच चार दिवसांत होते आणि मग ती क्रेडिट कार्डाकडे वळतात.

क्रेडिट कार्डावरून रोख काढून थकबाकी भरण्याची पतींची सूचना बाजूला ठेवावी. महिन्याला साडेतीन टक्के दराने ५७,००० रुपयांवर जवळपास २,००० रुपये व्याज होते, ते पहिल्या दिवसापासून लागते आणि काढण्याचे शुल्क वेगळे. नव्या घरात आपली महिन्याची तूट २,००० रुपये असणार आहे. म्हणजे कार्ड घेतले, तर घर बदलूनही तूट दुप्पट होईल. पीपीएफ खात्याला आठवे वर्ष चालू असल्याने त्यातून काही रक्कम काढता येते आणि ती परत भरावी लागत नाही, परंतु फेब्रुवारीपर्यंत तिला हात लावू नये. तोवर पतींना काम मिळाले नाही, तर तिचा विचार करू. दागिने त्यानंतर.

घरमालकाने पत्राला उत्तर दिले नाही आणि रीतसर नोटीस किंवा समन्स पाठवले, तर ते घ्यायला नकार देऊ नये. टपाल परत पाठवल्याने मुदत थांबत नाही आणि तीस दिवस कधी सरले, ते आपल्याला कळतही नाही. वकिलाच्या खर्चाची चिंता आपण व्यक्त केली आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते. करार आपल्या नावावर असल्याने अर्ज आपणच करावा, पतींच्या नावाने करू नये. तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो आणि १५१०० या क्रमांकावर प्राथमिक माहितीही मिळते. समन्स येण्याची वाट न पाहता याच आठवड्यात करार आणि व्हॉट्सॲप संदेश घेऊन तिथे जाऊन यावे, कारण मी हिशेबाचा माणूस आहे आणि कराराचा शेवटचा अर्थ वकिलानेच लावायचा असतो.

नव्या घराबाबत एकच आग्रह धरतो. दलालाने, अकरा महिन्यांचेच तर आहे, नोटरी करून टाकू, असे सुचवले, तर नकार द्यावा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्का आणि शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये, असा हा खर्च आपल्या रकमेला दीड हजाराच्या आत बसतो. त्या करारात भाडे थकल्यास द्यायच्या नोटिशीची मुदत आणि डिपॉझिट परत करण्याचा दिवस, हे दोन्ही आकड्यांत लिहून घ्यावेत. जुन्या घराची किल्ली देताना रिकाम्या खोल्यांची आणि वीज मीटरच्या आकड्याची छायाचित्रे काढावीत, त्या दिवसापर्यंतचे बिल भरावे आणि ४२,००० रुपये खात्यात जमा झाल्याचा संदेश आल्यावरच ताबा दिल्याच्या कागदावर सही करावी.